पाडलेल्या वाड्यांच्या गल्लीचा नकाशा: कुठल्या घरात कोण राहत होतं, हे ठरवायचं कसं?

उंबरठा
पुण्यातल्या पेठेतली एक जुनी गल्ली. १९७० च्या सुमारास दोन्ही अंगांना मिळून चौदा वाडे होते. आज तिथे सहा इमारती, तळाला पार्किंग. त्या काळचा नकाशा करायचा आहे: कुठला वाडा कुठे, दिंडी दरवाजा कुठल्या बाजूला, आत कुठली बिऱ्हाडं. फोटो मोजके, तेही लग्नमुंजीतले. पाच-सहा वयस्कर मंडळी आनंदाने सांगतात, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. सगळ्यात मोठं भांडण वळणावरच्या जागेचं. कोणी म्हणतं तिथे दोन वाडे होते, कोणी म्हणतं तीन. आता एकच इमारत आहे.
सुरुवात माणसांपासून करावी की कागदांपासून? आणि कागद म्हणजे नक्की कुठले?

जुनीपाटी
आधी माणसं. कागद कुठे पळून जात नाहीत.

चतुःसीमा
असहमत. कागदही जातात, वाळवीच्या पोटात. पण माझा मुद्दा वेगळा आहे. कोरा कागद पुढे ठेवला की माणूस स्वतःच्या घरापासून सुरुवात करतो, ते मधोमध काढतो आणि सगळ्यांत मोठं काढतो. बाकीची गल्ली उरलेल्या जागेत कोंबली जाते. म्हणून सांगाडा आधी तयार हवा.

नगर भूमापन कार्यालयातून त्या पट्ट्याच्या नकाशाची नक्कल घ्या. तो बहुधा १:५०० चा असतो, म्हणजे कागदावरचा १ सेंमी जमिनीवर ५ मीटर. सहा मीटर तोंडाचा वाडा कागदावर १.२ सेंमी भरतो. त्यात नाव लिहून बघा! झेरॉक्स काढतानाच मोठा करून घ्या. मात्र मोठा करण्याआधी कडेला १० मीटरची मोजपट्टी आखून ठेवा, म्हणजे नकाशा कितीही ताणला तरी प्रमाण सोबत राहतं.

मग प्रत्येक सि.स. (सिटी सर्व्हे) नंबराची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. क्षेत्र, सत्ताप्रकार, धारक आणि खाली ओळीने फेरफार, म्हणजे झालेल्या बदलांच्या नोंदी. इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. जुन्या पत्रिकेवर क्षेत्र चौरस यार्डांत असू शकतं. १ चौ. यार्ड म्हणजे ०.८३६ चौ. मी., तेव्हा २४० यार्डांचा वाडा म्हणजे जेमतेम २०० चौ. मीटर. एक आकडा यार्डातला, एक मीटरातला अशी बेरीज केली की नसलेला वाडा उभा राहतो. दुसरं म्हणजे मिळकती एकत्र केल्या असतील तर जुन्या नंबरांच्या पत्रिका बंद होतात. चालू पत्रिका पाहून 'पहिल्यापासून एकच होतं' असं ठरवू नका. एकत्रीकरणाचा फेरफार शोधा, त्यात कुठले नंबर मिळवले ते असतं, आणि त्या बंद पत्रिकांच्या नकला मागा.

शंकासुर
सि.स. नंबर आणि पत्त्यातला घर नंबर एकच ना?

चतुःसीमा
नाही! आणि निम्मे घोळ इथेच होतात. लग्नपत्रिकेवर किंवा पोस्टकार्डावर 'अमुक शनिवार पेठ' असा जो आकडा दिसतो तो बहुतेकदा महापालिकेचा घरांक. सि.स. नंबर भूमापन खात्याचा. नगररचना योजना झालेल्या भागात तिसरा, अंतिम भूखंड क्रमांक. तिन्ही वेगळ्या वेळी, वेगळ्या खात्यांनी, वेगळ्या टोकांकडून दिलेले. एक तक्ता करा, तीन रकाने. करआकारणीच्या जुन्या पावतीवर घरांक असतो, कधी कधी सि.स. नंबरही. अशी एक पावती सापडली की ती तुमची किल्ली.

माडीवरचा
वरचं सगळं बरोबर, पण मिळकत पत्रिकेत भेटतो तो मालक. गल्लीतले शेजारी म्हणजे भाडेकरू, आणि त्यांचा तिथे मागमूस नसतो. मालक पुष्कळदा गल्लीत राहतही नसे.

भाडेकरू सापडतात महापालिकेच्या जुन्या आकारणी नोंदवहीत. मालक वेगळा, भोगवटादार वेगळा, आणि भाड्यावर करयोग्य रक्कम ठरत असल्याने प्रत्येक बिऱ्हाडाचं भाडंही. पाच रुपयेवाला आणि अठरा रुपयेवाला यांतला कोण रस्त्यावरच्या माडीत आणि कोण मोरीशेजारच्या खोलीत, हे न विचारता कळतं.

आता यातली गोम. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. नवा कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. मधल्या काळात भाडं इतकं नाममात्र की बिऱ्हाड हलत नाही आणि मालक कौलही बदलत नाही. नकाशा करणाऱ्याला याचा फायदा असा, की १९६५ चं नाव बहुधा १९८० लाही चालतं. तोटा असा, की पावती आजोबांच्या नावाने फाटत राहते आणि राहत असतो नातू. नोंदवहीतलं नाव म्हणजे त्या वर्षी घरात जिवंत असलेला माणूस, असं धरू नका.

जुनीपाटी
भाडेकरू सांगणार दोन खोल्या, मालक सांगणार दीड, आणि कोर्टाच्या कागदात पावणेदोन. तुम्ही नकाशात किती काढणार?

माडीवरचा
पावणेदोन. वाद झाला तर तारीख घेऊ.

परसू
कागदांच्या यादीत एक राहिलं: गणेशोत्सव मंडळाची वर्गणी. जुने अहवाल तर आहेतच, मागच्या पानांवर देणगीदारांची नावं असतात. पण अहवालापेक्षा पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती (मंडळाकडे उरणाऱ्या प्रती) मोलाच्या. अहवालात नावं रकमेप्रमाणे किंवा अक्षरक्रमाने लावतात. पावती फाटते ती दारात उभं राहून. वर्गणीला निघालेली पोरं गल्लीच्या एका टोकाने शिरतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात, म्हणजे पावत्यांचा अनुक्रम हाच दारांचा क्रम. सलग तीन वर्षांची पुस्तकं शेजारी ठेवा. एखादं नाव एका वर्षी भलतीकडे दिसलं तर तो माणूस त्या दिवशी घरी नव्हता, पावती परतताना फाडली. तिन्ही वर्षं तिथेच असेल तर दार तिथेच.

जुन्या मतदार याद्याही घर क्रमांकाने लावलेल्या असतात, पण त्यांत एकवीस वर्षांखालचे नाहीत. मतदानाचं वय १९८९ पासून अठरा झालं. पोरांची नावं तिथे शोधू नका.

शंकासुर
पावतीपुस्तकाची युक्ती वाखु (वाचनखूण) म्हणून साठवली. पण ज्यांनी वर्गणी दिलीच नाही त्यांचं काय?

परसू
त्यांची नावं कोणीच विसरत नाही.

जुनीपाटी
😄 आता माणसांबद्दल. 'तिथे कोण राहायचं?' हा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. उत्तर येतं 'सगळे चांगले लोक होते'. कामाचा क्रम विचारा. सकाळचं पाणी कुठे भरत, नळावर पुढे कोण मागे कोण. पेपर टाकणारा कुठल्या जिन्याने चढे आणि कुठल्या जिन्याने उतरे. संडासाला किती बिऱ्हाडं, किल्ली कुणाच्या खुंटीला. अंगण कोण झाडे. पाय जिथे रोज गेले ते पायांना आठवतं.

आणखी काही पथ्यं. दोघांना एकत्र बसवू नका, मोठ्या आवाजाचा नकाशा जिंकतो. आधी केलेला नकाशा दाखवू नका, दाखवलात की माणूस मान डोलावतो. गल्लीच्या दोन्ही टोकांनी एकेकदा 'चालवून' घ्या. जाताना आणि येताना घरांची संख्या वेगळी निघाली तर गोंधळ कुठल्या दोन दारांमध्ये आहे ते तिथल्या तिथे कळतं. लग्न होऊन गल्ली सोडलेल्या बायकांना आवर्जून विचारा. ज्यांनी गल्ली पाडापाडीच्या आधीच सोडली, त्यांच्या आठवणीवर नव्या इमारतींचा थर चढलेला नसतो. पण त्यांना नावं माहेरच्या काळातली ठाऊक. 'बंडूची आई' म्हणजे नोंदवहीतल्या कोण, ते वेगळं जुळवावं लागतं.

तारीखवार
साल विचारू नये, खूण विचारावी. पानशेतच्या आधी की नंतर (१२ जुलै १९६१). कोयनेचा भूकंप पहाटे झाला तेव्हा कुठल्या खोलीत निजला होतात (११ डिसेंबर १९६७). आणीबाणीत (जून १९७५ ते मार्च १९७७) समोरचं बिऱ्हाड तेच होतं का. रंगीत टीव्ही, म्हणजे १९८२ चं आशियाड, पाहायला कुणाच्या घरी गर्दी. एवढ्या चार खुणांत वीसेक वर्षांचे कप्पे पडतात.

एक सावधगिरी. पुण्यात पडलेला प्रत्येक वाडा पानशेतच्या नावावर जमा होतो. पुराचा तडाखा नदीकडच्या वस्तीला बसला. चढावरच्या वाड्याबद्दलही 'तो पुरात गेला' असं ऐकलं तर त्या नंबराचे फेरफार पाहा. १९७९ ला बक्षीसपत्र झालेला वाडा १९६१ ला वाहून गेला नसावा.

चतुःसीमा
तो फक्त जागेचा व्यवहारही असू शकतो हं. वाडा गेला तरी जमीन राहते.

तारीखवार
मान्य. मग आकारणी नोंदवही पाहा. मोकळ्या जागेची आकारणी वेगळी होते.

कडीपाट
सगळे कागदात आणि कानात अडकलेत. डोळ्यांनी काय दिसतं तेही पाहा. दोन वाड्यांत सामाईक भिंत असेल आणि त्यातला एकच पडला असेल, तर पडलेल्या वाड्याचा आतला उभा छेद त्या भिंतीवर छापलेला राहतो. गिलावा होण्याआधी, जमल्यास सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या.

काय दिसतं? एका ओळीत चौकोनी भोकं, ती तुळयांची. ती ओळ म्हणजे मजल्याची पातळी. दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे खण. जुन्या कागदात 'पाच खणी माडी' लिहिलं असेल तर खण मोजा आणि लांबी काढा. खण सगळीकडे सारखा नसतो, म्हणून दुसऱ्या वाड्याचं माप इथे वापरू नका. खालच्या भागात पसरलेला काळा डाग म्हणजे चूल, अर्थात स्वयंपाकघर. निळीचा चुना जिथे थांबून हिरवा किंवा पिवळा सुरू होतो, त्या उभ्या रेघेवर आडवी भिंत होती आणि बहुधा तिथेच एक बिऱ्हाड संपून दुसरं सुरू होत होतं. तिरपी रेघ आणि तिच्याखाली कोनाडा असला तर जिना. भिंत पांढऱ्या मातीची असेल तर एका पावसाळ्यात हे सगळं धुऊन जातं. 'दिवाळीनंतर काढू फोटो' असं करू नका.

दुसरी खूण तळखडे. लाकडी खांबाखालचे हे दगड पाडकामात लाकडासारखे विकले जात नाहीत, जड म्हणून तिथेच राहतात. पार्किंगमध्ये कुंड्यांखाली, मारुतीच्या ओट्यावर बसायला. माथ्यावर खाच असते, तिच्या मापावरून खांबाची जाडी कळते. पण दगड मूळ जागी असेलच असं नाही, तेव्हा त्यावरून वाड्याचा आतला चौक आखू नका. आडाचं मात्र तसं नाही. आड बुजवला तरी हलवता येत नाही. त्याची जागा एकदा पक्की झाली की परसदार, न्हाणी, मोरी त्याच्या आसपास बसतात.

आणि जोत्यावरून भांडू नका. एक म्हणतो सात पायऱ्या चढून दिंडी होती, दुसरा म्हणतो तीन. दोघंही खरे. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो आणि खालच्या पायऱ्या गिळतो. सात म्हणणारा वयाने मोठा, एवढाच अर्थ.

शंकासुर
अवांतर: ओसरी आणि पडवी यांत फरक काय? काही जण सोपाही म्हणतात.

कडीपाट
ओसरी जोत्यावर, चौकाकडे उघडी, मुख्य छपराखाली. पडवी म्हणजे भिंतीला टेकवलेलं उतरतं छप्पर, पुष्कळदा नंतर जोडलेलं. सातारा-कोल्हापूरकडे सोपा म्हणतात तो साधारण आपल्या ओसरीच्या जागी.

माडीवरचा
साधारणच. सोपा बैठकीचा, ओसरी घरातल्यांची.

कडीपाट
यावर वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येतो. इथे एवढंच, की सांगणाऱ्याने जो शब्द वापरला तोच लिहून ठेवा, स्वतः सुधारू नका. शब्दावरून तो कुठल्या गावाकडून पेठेत आला तेही कधी कधी कळतं.

तिसरा_मजला
मुंबईकरांसाठी पूरक. चाळीत हे काम सोपं आहे असं वाटतं, कारण खोलीला नंबर असतो. बीडीडी चाळींत तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, म्हणजे एका इमारतीत ऐंशी. वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२, शिवडी १२, मिळून २०७ इमारती होत्या. खोली कुठे हा प्रश्नच नाही. प्रश्न हा, की १६० चौ. फुटांच्या खोलीत किती माणसं, आणि त्यातली रात्री व्हरांड्यात झोपणारी कोण. गिरणीच्या तीन पाळ्यांमुळे एकाच वळकटीवर दोघं आळीपाळीने. तिथे नकाशाला जागेबरोबर वेळेचाही रकाना लागतो.

परसू
वाड्यालाही लावा तो रकाना. उन्हाळ्यात निम्मा वाडा गच्चीत नाहीतर अंगणात असे.

पाठचा_बोळ
चाळीस-पन्नास प्रतिसादांनंतर कुणीतरी म्हणेल म्हणून आत्ताच म्हणतो. सगळे दिंडीकडून शिरताय. वाड्यांच्या मागून जाणारा अरुंद बोळ नकाशात काढा. टोपलीचे संडास मागच्या अंगाने साफ होत, त्यासाठीच तो ठेवलेला. रोज त्या गल्लीत येणारी ती माणसं ना मिळकत पत्रिकेत, ना भाडेकरूंत, ना वर्गणीच्या पावत्यांत. आठवण सांगणाऱ्यांच्या यादीतही नाहीत. कोरडे संडास बांधण्याला बंदी करणारा कायदा १९९३ चा, पण गल्लीत ड्रेनेज कधी आलं ते महापालिकेच्या ड्रेनेज विभागाकडून कळू शकतं. नुसता 'सेवा-बोळ' असं लिहून मोकळं होऊ नका.

नकाशाच्या दृष्टीनेही याचं महत्त्व आहे. बोळ जिथे गल्लीला मिळतो तिथे दोन वाड्यांच्या मध्ये फट असते. नंतर इमारत बांधताना ती आत घेतली गेली की तिथे एक 'घर' होतं असं वाटायला लागतं.

जुनीपाटी
हे महत्त्वाचं. +१

नमुना_अ
वळणाच्या प्रश्नाकडे कोणी परत गेलंच नाही. बोळाच्या प्रतिसादाने ते काम अर्धं केलंय, उरलेलं अर्धं बांधकाम विभागाच्या फाईलमध्ये आहे.

आजची इमारत बांधताना मंजूर झालेला नकाशा मागा. त्यात पाडायचं जुनं बांधकाम पिवळ्या आडव्या-तिरप्या रेघांनी दाखवायची पद्धत आहे, नवं बांधकाम लाल. तुम्हाला लाल नको, पिवळं पाहा. भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी जादा एफएसआय (चटईक्षेत्र) घेतला असेल तर त्याच फाईलमध्ये भाडेकरूंची नावनिशी आणि प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्र असायला हवं. महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस दिली असेल (तेव्हाचा मुंबई प्रांतिक, आताचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम २६४) तर तिच्यावरून वाडा कधी खचायला लागला तेही कळतं.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात नमुना 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. चौदा वाड्यांची माहिती एका अर्जात मागितली की तो परत येणार. 'जुन्या वाड्यांची माहिती मिळावी' असंही लिहू नका. माहिती नाही, अभिलेख मागायचा: सि.स. नंबर, आजच्या इमारतीचं नाव, 'मंजूर नकाशाची प्रत व अभिलेख पाहणी'. पाहणीचा पहिला तास फुकट, प्रतीला पानामागे २ रुपये (मोठ्या नकाशाला प्रत्यक्ष खर्च), उत्तराची मुदत ३० दिवस. पाहणीलाच जा. झेरॉक्समध्ये पिवळं उडतं आणि हाती येते काळी-पांढरी पाटी.

चतुःसीमा
आणि खरेदीखतांतल्या चतुःसीमा. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, नावातच आहे. 'पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांचा वाडा, पश्चिमेस बोळ, उत्तरेस तमुक यांची भिंत.' ओळीतल्या चार मिळकतींची खतं मिळाली की ती एकमेकांत साखळीसारखी अडकतात. अ च्या दक्षिणेला ब असेल तर ब च्या उत्तरेला अ आलाच पाहिजे. नाही आला, तर मध्ये काहीतरी आहे.

यातली फसगत: नव्या खतात चतुःसीमा जुन्या खतावरून जशीच्या तशी उतरवतात. म्हणून १९६८ च्या खतात शेजारी म्हणून आलेला माणूस १९३० मधला असू शकतो. जागा खरी, नाव शिळं. आणखी मागचं खत मोडी लिपीत असलं तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने नाही.

शंकासुर
गूगल अर्थवर जुनी चित्रं दिसतात ना? त्यात काम होणार नाही?

नमुना_अ
डेस्कटॉपवरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाचं चिन्ह आहे, त्याने मागे जाता येतं. पण कामाइतकी स्पष्ट चित्रं २००० च्या पुढचीच मिळतील. कौलारू चौकोनाच्या मध्ये काळं भोक दिसलं तर तो चौक. स्ट्रीट व्ह्यू पुण्यात जुलै २०२२ मध्ये आलं, तोवर तुमचे वाडे गेलेले. आणि रस्तारुंदीत समोरची रेषा मागे सरकली असेल तर आजच्या दर्शनी भिंतीवरून माप घेऊ नका, दोन-तीन मीटर सहज चुकतं.

माडीवरचा
प्रसिद्ध करताना हयात माणसांची नावं विचारूनच. भाड्याचे आकडे, दावे, कोण कुणाकडे का बोलत नसे, हे वेगळ्या वहीत. नोंदवहीत जातीचे उल्लेख असतात, ते उतरवून घेताना कशासाठी उतरवतोय याचा विचार करा. नकाशावर आडनाव आणि 'साधारण १९६२ ते १९८४' एवढं पुरतं.

जुनीपाटी
टोपणनावं चालतील ना? त्यांशिवाय निम्मी गल्ली ओळखूच यायची नाही.

माडीवरचा
ज्याचं टोपणनाव आहे त्याच्या समोर वाचून दाखवायची हिंमत असेल तर चालतील.

उंबरठा
सर्वांचे आभार. महिन्याभराने लिहितोय. वळणावरच्या इमारतीच्या मंजूर नकाशात पिवळ्या रेघांचे दोनच चौकोन आहेत, मध्ये १.२ मीटरची कोरी पट्टी. एकत्रीकरणाच्या फेरफारातही दोनच नंबर. उत्तरेकडच्या वाड्याच्या खतात 'दक्षिणेस बोळ'. म्हणजे वाडे दोन. पण तीन म्हणणारे चौघं आहेत, त्यातल्या दोघांना वेगवेगळं विचारलं होतं, आणि दोघंही तिसऱ्या घरातल्या बाईंचं वर्णन एकसारखं करतात. ते कसं?

कडीपाट
१.२ मीटर म्हणजे चार फूट. बोळाच्या तोंडाशी वर पत्रा टाकून कोणी राहत असेल. भाडंही नाही आणि आकारणीही नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर समोरासमोर भोकं आहेत का पाहा, वाशांची, तुळईपेक्षा लहान आणि बरीच खाली.

पाठचा_बोळ
आणि त्या दोघांना विचारा, त्या बाई पाणी कुठल्या नळावर भरत. की भरून देत.